कातरखोलीतलं एकशे चौदा नंबरचं खोकं

१

फडताळावर एकशे तेरा नंबरचं खोकं होतं, एकशे पंधरा होतं, आणि मध्ये चौकोनी रिकामी जागा होती. आजूबाजूला बोटभर धूळ आणि तेवढ्याच चौकोनात एक कण नाही. म्हणजे खोकं जाऊन फार दिवस झाले नव्हते.

"नीट बघा, वाकुई सान," माझ्यामागून काकिनुमा साहेब म्हणाले.

नीट काय बघायचं, कपाळ? एकतीस वर्षं आराहोरी नगर रुग्णालयाचं दफ्तर मी सांभाळते. कुठला कागद कुठे आहे हे मी डोळे मिटून सांगते. त्या खोक्यात हेइसेई सव्वीस सालच्या, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियांची कागदपत्रं होती. त्यातली काही शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेलेल्या एका तिशीतल्या बाईची. तिचे म्हातारे वडील तेव्हापासून दर हिवाळ्यात येऊन विचारायचे, माझ्या मुलीचं नेमकं काय झालं. यंदा त्यांनी वकील गाठला होता आणि काल, सोमवारी, कागद दाखवा अशी नोटीस आली होती. वाद होणार हे मला दहा वर्षांपूर्वीच दिसलं होतं. म्हणून त्या खोक्याच्या लेबलवर मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'कायम ठेवणे'.

काकिनुमा साहेब आमचे उपव्यवस्थापक. माणूस वाईट नाही, पण त्यांना घाई फार. त्यांनी चष्मा पुसला.

"खोकं चालत जात नाही," ते म्हणाले. "तळघरात चला. तुमच्या मुने सानची वही बघू."

मी त्यांच्यामागे जिना उतरले.

२

तळघरातल्या त्या खोलीला आम्ही कातरखोली म्हणतो. मुदत संपलेले कागद तिथे श्रेडरमध्ये जातात आणि रिकामी खोकी चपटी होऊन मागच्या अंगणात. हे सगळं करतो मुनेयोशी हाबु, वय सेहेचाळीस. सगळे त्याला मुने सान म्हणतात. त्याची समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी, पण कामातली शिस्त मात्र अशी की आमच्या डॉक्टरांनी शिकवणी लावावी.

त्याची पद्धत ठरलेली. ढकलगाडीवर आलेलं खोकं उचलायचं. लेबलवरचं 'नष्ट करणे' या शब्दांपुढचं साल भिंतीवरच्या पाटीशी अक्षर न् अक्षर जुळवायचं. जुळलं तर पट्टीने लेबल सोलून वहीत चिकटवायचं, टाचण्या काढायच्या, मग कागद यंत्रात. भिंतीवरची पाटी माझीच: 'यंदा रेइवा ६. जुन्या खोक्यांवर हेइसेई ३६.' सम्राट बदलला की आम्हा जपान्यांचं साल नव्या नावाने एकपासून सुरू होतं. हेइसेई एकतिसाव्या वर्षीच संपलं, पण जुन्या खोक्यांवर पुढची सालं आधीच लिहिलेली होती, ती बदलत कोण बसणार? म्हणून एकाच वर्षाची दोन्ही नावं लिहून ठेवली.

मुने सानला आमची चित्रलिपी वाचता येत नाही, तो आकार जुळवतो. उच्चार दाखवणारी सोपी अक्षरं मात्र वाचतो. त्यामुळे खोलीभर सोप्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या. इथे हात घालू नये. दिवा बंद करा. जेवण बारा वाजता. अर्ध्या माझ्या, अर्ध्या मोरोई मेट्रनच्या. सात वर्षांपूर्वी त्याला इथे आणलं मेट्रननीच, आणि दर वर्षी हे काम बाहेरच्या कंपनीला द्यायचा विषय निघाला की व्यवस्थापनाशी भांडून ही खोली वाचवली तीही त्यांनीच.

"एकशे चौदा?" मुने सानने वही उघडली. "गेल्या गुरुवारी. जेवणानंतर. हे बघा."

तिथे लेबल होतं. शस्त्रक्रिया विभाग, खोकं एकशे चौदा, हेइसेई २६. आणि खाली: नष्ट करणे, रेइवा ६. छापल्यासारखं सुबक अक्षर, 'रेइवा'च्या डोक्यावर मुंगीएवढी सोपी अक्षरं. 'कायम' कुठेच नव्हतं.

"मी नीट केलं," मुने सान म्हणाला. "जुळलं होतं."

३

"लेबल कोणी लिहिलं हा प्रश्नच नाही," काकिनुमा साहेब त्यांच्या खोलीत म्हणाले. "नोंदवहीत 'कायम' आहे. कातरलं कोणी? त्याने."

"साहेब, त्याने लेबल वाचलं. दुसरं काय करायला हवं होतं?"

"हेच तर. विचार करणारा माणूस तिथे हवा होता." त्यांनी टेबलावरचं चकचकीत पत्रक माझ्याकडे सरकवलं. "या कंपनीचे तोदोरोकी सान शुक्रवारी तीन वाजता सभेला येताहेत. त्यांची गाडी येते, सीलबंद खोकी नेते, गिरणीत न उघडता लगदा होतो. वर प्रमाणपत्र. टाचण्या काढायला नकोत, लेबल वाचायला नको."

"आणि मुने सान?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बर्फ उपसण्याचं काम चाललं होतं. "सभेपुढे त्याने माफीपत्रावर सहीचा शिक्का मारावा. तेवढ्यावर भागलं तर त्या म्हाताऱ्या वडिलांना सांगता येईल की चूक कोणाची होती. एक एप्रिलपासून खोली बंद."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही.

मुने सानची आई दुपारी माझ्याकडे आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पाठ काटकोनात वाकलेली. पिशवीतून मुळ्याच्या लोणच्याचा डबा काढून तिने दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला आणि इतकी वाकली की कपाळ टेबलाला लागलं.

"वाकुई सान, शिक्का मारायचा तर मारेल तो. पण खोली राहू द्या," ती म्हणाली. "मी किती दिवसांची? मी गेल्यावर सकाळी उठून त्याने कुठे जायचं, एवढं एक ठिकाण आहे. दुसरं नाही. मी गाव पालथं घातलंय हो, खरंच नाही."

"काकू, उठा आधी," मी म्हणाले. हातात तीन दिवस होते आणि माझ्याकडे एका वहीपलीकडे काही नव्हतं.

मग मागच्या अंगणात ट्रकचा भोंगा वाजला. मंगळवार होता; मंगळवारी आणि शुक्रवारी पुठ्ठे उचलले जातात. गोमी आजी आली होती.

४

गोमी आजी म्हणजे आमच्या पुठ्ठ्यांची रद्दीवाली. वय चौऱ्याहत्तर, दातांत कायम सुकवलेल्या माशाचा तुकडा, ट्रक स्वतः चालवते. तिचं आडनाव आणि कचऱ्याला आमच्याकडे जो शब्द आहे तो, दोन्हींचा उच्चार एकच. शाळेत असल्यापासून हसताहेत लोक. "नावाला जागले, दुसरं काय," असं ती म्हणते.

आधी मी तिला खोकंच मागितलं. निदान त्याचा पुठ्ठा तरी.

"शुक्रवारी उचललं, शनिवारी गठ्ठे बांधले, काल गिरणीत गेलं. आता कुणाच्या तरी अंड्यांचा ट्रे होत असेल," ती म्हणाली. "काय झालं ते बोल."

मी सगळं सांगितलं. ती पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसून ऐकत होती.

"संशय कुणावर?"

"काकिनुमा साहेब आणि तो तोदोरोकी गुरुवारी बरोबर जेवणाच्या वेळेला तळघरात होते. मोजमाप घ्यायला म्हणे. खोकं गाडीवर आलं तेही जेवणाच्या वेळेतच. त्या आठवड्यात दफ्तराची किल्ली तिघांनी नेली होती: साहेबांनी, मेट्रननी जुने ड्यूटीचे तक्ते काढायला, आणि मी. खोली बंद करायला निमित्त कुणाला हवं होतं ते उघड आहे."

"आणि खोली बंद झाली तर माझे पुठ्ठे जातात, म्हणून मी तुझ्या बाजूची. उंदराला मांजर साक्ष." ती उठली. "चल. तुझ्या पठ्ठ्याशी बोलू."

मुने सानला ती आवडते. तो तिला पाहून उभा राहिला.

"काय रे राजा, एकशे चौदा गाडीवर ठेवलं कुणी?"

"माहीत नाही. मी जेवत होतो. बारा ते एक."

"पाहिलं नाहीस?"

"जेवताना दाराकडे पाठ करायची. नाहीतर मी जेवत नाही."

"बरं. लेबल सोललंस तेव्हा सहज निघालं की पुठ्ठा फाटला?"

मुने सानने विचार केला. "सहज. खाली अजून एक होतं."

मी पुढे झाले. "खाली काय होतं?"

"अजून एक लेबल. जुनं."

"मग हे तू कुणाला सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला.

"कोणी विचारलं नाही," तो म्हणाला. "आणि दोन असली तर वरचं धरायचं. तुम्हीच सांगितलंय, वाकुई सान."

सांगितलं होतं. खोकी आम्ही पुन्हा पुन्हा वापरतो, जुन्या लेबलवर नवं चिकटवतो. सात वर्षांपूर्वी, त्याच जागी उभं राहून, मीच त्याला तसं शिकवलं होतं.

५

काकिनुमा साहेबांना हे सांगून मी आगीतून फुफाट्यात पडले.

"म्हणजे खाली 'कायम' दिसत असतानाही त्याने कातरलं," ते म्हणाले. "सभेत हे बोलू नका. त्याचंच वाटोळं होईल."

"पण कुणीतरी मुद्दाम वर दुसरं लेबल चिकटवलं, साहेब."

"किंवा दहा वर्षांपूर्वीच चिकटवलं असेल. तुमच्याच दफ्तरातल्या कुणीतरी. तारीख हेइसेई सव्वीसची आहे. सिद्ध करा, मी ऐकतो."

त्यांच्या दारातच तोदोरोकी भेटला. हसरा, केसांना तेल लावलेला, हातात केकचा डबा. "तुमचं मला वाईट वाटतं हो," तो म्हणाला. "पण माणूस म्हटला की चूक आली. आमच्याकडे खोकं कोणी उघडतच नाही." मी त्याला विचारलं, गुरुवारी गाडीवर खोकं होतं का? त्याने आठवून सांगितलं, होतं, आम्ही उतरलो तेव्हा आधीच होतं, मी त्यावर मोजपट्टी ठेवली होती. खोटं बोलत असेल तर फार सफाईने.

बुधवार गेला. गुरुवारी सकाळी मी मुने सानची वही कापडात गुंडाळून गोमी आजीच्या गोदामावर नेली. ती स्टोव्हवर हात शेकत बसली होती. तिने वही मांडीवर घेतली, चष्मा लावला नाही, डोळे मिटले आणि एकेका लेबलवरून अंगठा फिरवत गेली.

"हे जाड. हे जाड. हेही," ती पुटपुटत होती. "दहा वर्षं डिंक पुठ्ठ्यात मुरला की लेबल एकटं निघत नाही, पुठ्ठ्याची साल घेऊन येतं." तिचा अंगठा थांबला. "हे मात्र पातळ."

"खाली दुसरं लेबल होतं ना, म्हणून."

"लेबलावर लेबल दहा वर्षं राहिलं तर खालच्याची कातडी येते. इथे पाठ कोरी आहे बघ. आठ-पंधरा दिवसांचं काम." तिने वही माझ्याकडे वळवली. "पण साहेबाला अंगठा पटणार नाही. त्याला डोळ्यांनी दिसेल असं पाहिजे. या वर्षी कातरलेली हेइसेई सव्वीसची बाकीची लेबलं वाच. मोठ्याने."

मी वाचायला लागले. "क्ष-किरण विभाग, हेइसेई २६, नष्ट करणे हेइसेई ३६. औषध भांडार, हेइसेई २६, नष्ट करणे हेइसेई ३६. स्वयंपाकघर, हेइसेई २६, नष्ट करणे..."

मी थांबले. हातच्या काकणाला आरसा कशाला? दहा वर्षांपूर्वी जो कोणी लिहील तो हेइसेई छत्तीसच लिहील. त्या वेळी रेइवा हे नाव जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. नवा सम्राट यायला पाच वर्षं अवकाश होता. एकशे चौदाचं लेबल लिहिणाऱ्याने वरची तारीख जुन्या लेबलवरून जशीच्या तशी उतरवली आणि खालचं साल आपल्या रोजच्या सवयीने लिहिलं.

"आता तू म्हणशील, हे साहेबाचं काम," गोमी आजी म्हणाली.

"नाहीतर कुणाचं?"

तिने स्टोव्हवरची किटली उतरवली आणि मला आधी चहा प्यायला लावला. तिथेच मला भीती वाटायला लागली.

६

"वाकुई, ही डोक्यावरची बारकी अक्षरं काय आहेत?"

"सोपी अक्षरं. मुने सानला वाचता यावं म्हणून."

"हेइसेई सव्वीसमध्ये मुने होता का इथे?"

"नव्हता."

"काकिनुमा साहेब त्याच्यासाठी कधी सोपी अक्षरं लिहितो?"

ते तर त्याच्या पगारपत्रकावरसुद्धा लिहीत नाहीत. मी दरवेळी पेन्सिलीने लिहून देते.

"आणि तो केकवाला?"

"त्याला मुने सानचं पूर्ण नावही माहीत नाही."

"अगं बये, जो माणूस मुनेला गोत्यात आणायला लेबल लिहील, तो त्याच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून वर बारकी अक्षरं कशाला काढील?" ती हळू बोलत होती. "हे वाईट करणाऱ्याचं लेबल नाही. त्याच्यावर माया असणाऱ्याचं आहे. हात चालला तसा चालला, तिला कळलंसुद्धा नसेल."

"तिला?"

"त्याच्यासाठी तसं लिहिणाऱ्या बायका तीन. आईला दफ्तराची किल्ली कोण देणार? तू असतीस तर वही घेऊन माझ्याकडे आली नसतीस. दहा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया विभागात सिस्टर कोण होतं, ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. हातातला कप मी खाली ठेवला.

"त्याच खोलीसाठी सात वर्षं भांडल्या हो त्या," मी म्हणाले. "काहीतरी चुकतंय, आजी."

"चुकत असेल तर फार बरं. जाऊन विचार."

७

मोरोई मेट्रन चौथ्या मजल्यावर कपड्यांच्या कोठारात चादरी मोजत होत्या. मी दार लावून घेतलं. वही उघडली. त्या बारक्या अक्षरांवर बोट ठेवलं.

त्या बघत राहिल्या. मग हातातली चादर घडी करून ठेवली, दुसरी घेतली, तीही ठेवली.

"हे मी लिहिलं?" त्या म्हणाल्या. "ही अक्षरं?"

"तुमचीच आहेत."

"मला आठवतसुद्धा नाही." त्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या. "वाकुई, त्या दिवशी भुलीचं औषध दोनदा गेलं. मी नोंद केली. सर्जन म्हणाले, खोड. मी खोडलं आणि वर दुसरी वेळ लिहिली, पण खालचं दिसत होतं. सर्जन गेले वारून. त्या बाईचे वडील दर वर्षी माझ्याकडे येतात, मी त्यांना चहा देते आणि मूग गिळून बसते. यंदा म्हणाले, वकील केलाय. मला पुढचं काही सुचलंच नाही."

"पण मुने सानच्या हातून?"

"त्याला कोण बोलणार, असं वाटलं मला. लेबल आहे, लेबलप्रमाणे केलं. जुन्या दफ्तराची चूक म्हणून मिटेल. तो सुरक्षित राहावा म्हणून तर इतकं नीट लिहिलं गं."

"मंगळवारपासून त्याच्यावर बिल फाडताहेत, मेट्रन. त्याची आई माझ्या टेबलावर कपाळ टेकून गेली."

"रोज सकाळी सांगायचं ठरवून येते," त्या म्हणाल्या. "दारापर्यंत जाते."

मला त्यांचा इतका राग आला होता की रडू येत होतं, आणि तरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटत होता. ठेवला नाही. "उद्या तीन वाजता," एवढंच म्हणाले. "नाहीतर मी सांगेन."

शुक्रवारी सभेत मुने सान इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आईने त्याचा शिक्का रुमालात बांधून दिला होता. काकिनुमा साहेबांनी माफीपत्र त्याच्यापुढे ठेवलं आणि कुठे मारायचा ते बोटाने दाखवलं. तो रुमालाची गाठ सोडत होता. मेट्रनची खुर्ची रिकामी होती. तीन वाजून सात मिनिटं झाली. मी उठले.

तेवढ्यात दार उघडलं. मेट्रन गणवेश न घालता आल्या होत्या. बसल्या नाहीत. पाच वाक्यांत सगळं सांगितलं आणि सभेकडे न वाकता आधी मुने सानकडे वाकल्या, अगदी खाली.

तोदोरोकीने हळूच आपली पत्रकं गोळा केली. काकिनुमा साहेबांनी माफीपत्र उचलून दोन तुकडे केले. माणूस वाईट नाही म्हणते ते यासाठी.

"मुने सान, तुमची चूक नव्हती," ते म्हणाले. "खोली चालू राहील."

त्याची आई दाराबाहेर बाकावर होती. तिला ऐकू गेलं, आणि तिने पदराआड घ्यावं तसं दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं.

मुने सान मात्र मेट्रनकडे बघत होता. "लेबल खोटं होतं?" त्याने विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या.

"तुम्ही लिहिलं होतं?"

"हो."

त्याने रुमालाची गाठ परत बांधली.

८

मेट्रननी राजीनामा दिला आणि त्या बाईच्या वडिलांसमोर बसून, कागदात काय होतं ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पुढचं वकील बघताहेत.

सोमवारी मुने सान वेळेवर आला. साडेनवाला जिना चढून माझ्या टेबलाशी उभा राहिला. हातात सोललेलं लेबल.

"वाकुई सान, हे खरं आहे का?"

मी नोंदवही काढली, ताडून पाहिलं. "खरं आहे."

तो गेला. वीस मिनिटांनी परत आला. दुसरं लेबल. "हे खरं आहे का?" मग तिसरं. दुपारी त्याने विचारलं, "नोंदवहीत लिहिलंय ते खरं आहे का?" मी म्हणाले, मीच लिहिलंय, खरं आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं. दुष्टपणा नव्हता त्याच्या नजरेत. त्याला फक्त कळत नव्हतं की यावरून काय ठरतं.

आधी तो दिवसाला अकरा खोकी संपवायचा. त्या आठवड्यात रोज दोन झाली, पुढच्या आठवड्यात एक. मी तळघरात त्याच्या शेजारी बसून पाहिलं. खोकं उघडून आम्ही आतला एकेक कागद वाचला, तरी त्याचा हात यंत्राच्या बटणाकडे जाईना. गोमी आजी मंगळवारी येऊन रिकामा ट्रक घेऊन जायची. "जबरदस्ती करू नकोस," ती म्हणाली. आईने त्याला घरी समजावलं, रागावली, एकदा मारलंसुद्धा. तो ऐकून घ्यायचा आणि सकाळी वेळेवर यायचा.

काकिनुमा साहेबांनी महिना दिला. मग मी न मागता आणखी पंधरा दिवस दिले. मार्चच्या शेवटी बाहेरच्या कंपनीचा कागद टेबलाटेबलांवरून फिरत माझ्याकडे आला. सगळ्यांचे शिक्के झाले होते, माझीच चौकट रिकामी होती. मी तो दोन दिवस ठेवून घेतला आणि तिसऱ्या दिवशी शिक्का मारला.

पहिली गाडी आली तेव्हा मुने सानचा शेवटचा दिवस होता. आम्ही दोघं अंगणात उभे होतो. चालक खोकी भराभर चढवत होता, एकाचंही झाकण न उघडता.

"लेबल वाचत नाही?" मुने सानने त्याला विचारलं.

"नाही हो. आमच्याकडे कोणी वाचत नाही."

"मग चूक झाली तर कोणाची?"

चालक हसला. "कोणाचीच नाही."

मुने सानने मोठा श्वास सोडला. त्याचे खांदे सैल झाले, कपाळावरची आठी गेली. दोन महिन्यांत मी त्याला असं पाहिलं नव्हतं. त्याने चालकाला वाकून नमस्कार केला, माझे आभार मानले, आणि आईने वाट बघू नये म्हणून बारा वाजायच्या आत घरी निघून गेला. मेट्रनना त्या खोक्याबद्दल मी केव्हाच माफ केलंय. त्याच्या त्या सुटकेच्या श्वासाबद्दल माफ करणं मला अजून जमलेलं नाही.